अथालमध्ये बसून ऑपरेटिंग सिस्टीम बांधा: नवशिक्यांसाठी फंक्शनल मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

गुजरातमधल्या भिलाडहून नरोलीमार्गे दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाला येताना अथाल लागतं. कंपन्या, गोदामं, भाड्याच्या खोल्या आणि पाळी संपवून परतणारी माणसं. यांपैकी ज्याला संध्याकाळी काय करावं हे कळत नाही, क्रिकेटचाही कंटाळा आला आहे आणि ज्याच्याकडे एक जुना संगणक पडून आहे, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. यातल्या पायऱ्या क्रमाने केल्या की स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम तयार होते. तिच्यावर ब्राउझर चालत नाही, प्रिंट निघत नाही, आधार कार्ड डाउनलोड होत नाही. ती सुरू होते, एक ओळ दाखवते, तुम्ही दाबलेली कळ पडद्यावर उमटवते आणि थोड्या वेळाने बंद पडते. एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनीच पुढे वाचावं.

पूर्वतयारी: घरचे

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी घरच्यांना विश्वासात घ्या. नेहमीचे प्रश्न आणि सुचवलेली उत्तरं अशी:

“अरे, विंडोज आहे ना त्यात, मग?” उत्तर: “ती दुसऱ्याची आहे, आई.”

“याचे पैसे मिळतात का?” उत्तर: “नाही.”

“मग रात्रभर दिवा का जळतो?” याला उत्तर नाही. चहा मागावा.

इथे बहुतेक हौशी मंडळी लिनस टोरवाल्ड्सचा दाखला देतात. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण निव्वळ हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय असं जाहीर केलं आणि तिचं पुढे लिनक्स झालं. हा दाखला देऊ नका. एक तर घरचे त्या दिवसापासून लिनक्सची वाट बघायला लागतात. दुसरं म्हणजे त्याने ती सी भाषेत लिहिली. सी यंत्राच्या जवळची भाषा आहे, तिच्यात हे काम होतं. तुम्ही ते हास्केलसारख्या फंक्शनल भाषेत करायला निघाला आहात, म्हणजे तुमच्याकडे तेवढंही निमित्त उरलेलं नाही.

साहित्य

१. जुना संगणक. कीबोर्डची गोल पिन जिथे खुपसतात तो पीएस-टू सॉकेट असलेला. यूएसबी कीबोर्डशी बोलायचं म्हणजे आधी यूएसबी कंट्रोलर समजून घ्यावा लागतो, आणि तो समजेपर्यंत माणूस निवृत्त होतो. औद्योगिक वसाहतीतल्या भंगारात असे डबे सापडतात.

२. क्यूएमयू. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर संगणकाच्या आत खोटा संगणक उभा करतं. सगळे प्रयोग आधी याच्यावर करा. तो शंभर वेळा कोसळला तरी शेजारच्या खोलीत आवाज जात नाही.

३. पुस्तकं. मुंबई आयआयटीत शिकवलेले धनंजय ढमढेरे यांचं किंवा अच्युत गोडबोले यांचं ऑपरेटिंग सिस्टीमवरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक. ऑपरेटिंग सिस्टीमने काय करायचं असतं ते दोघेही नीट सांगतात. ते फंक्शनल भाषेतच करायचं हा हट्ट तुमचा, त्याचा दोष लेखकांना देऊ नये.

४. एक वही आणि पेन. मशीन बंद पडल्यावर पडद्यावर काय होतं ते लिहायला. पडदा काळा होता असंच बहुतेक वेळा लिहावं लागेल.

पायरी १: भाषा निवडा

लिस्प घेतलीत तर घराणं जुनं आहे. एमआयटीमध्ये १९७० च्या दशकात खास लिस्पसाठी यंत्रं बनली आणि त्यांची ऑपरेटिंग सिस्टीमही लिस्पमध्येच होती. ती यंत्रं विकणाऱ्या सिम्बॉलिक्स कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी जगातलं पहिलं डॉट-कॉम नाव नोंदवलं. पुढे यंत्रांचा धंदा गेला आणि २००९ मध्ये ते नावही विकलं गेलं. यातून नवशिक्याने घ्यायचा तो बोध घ्यावा.

हास्केल घेतलीत तर तुम्ही पुणेकरांच्या वाटेवर आहात. मार्क जोन्स यांनी १९९१ च्या सुमारास गोफर नावाची हास्केलसारखी छोटी भाषा तयार केली. पुणे विद्यापीठात ती विद्यार्थ्यांना शिकवायला घेतली गेली; पण बाहेरून आलेली वस्तू आहे तशी वापरायची नाही, या शिरस्त्याला धरून तिच्यात फेरफार झाले आणि ‘पुगोफर’ निघाली. हेच जोन्स पुढे टॉमस हॉलग्रेन, रिबेका लेस्ली आणि अँड्र्यू टोलमॅक यांच्याबरोबर ‘हाऊस’ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामात होते. त्यांचा शोधनिबंध २००५ चा. हाऊस फ्लॉपीवरून सुरू होत असे. खिडक्या, माऊस, नेटवर्क, सगळं होतं आणि ड्रायव्हरसुद्धा हास्केलमध्ये लिहिले होते. म्हणजे तुम्ही जे करणार आहात ते २० वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. निराश होऊ नका. तुम्ही ते अजून केलेलं नाही.

ओकॅमल घेतलीत तर शहाणे आहात आणि तुम्हाला या मार्गदर्शिकेची गरज नाही. कारण पायरी ४ मध्ये येईल. पुढच्या पायऱ्या हास्केल धरून लिहिल्या आहेत.

पायरी २: शुद्धता म्हणजे काय ते समजून घ्या

फंक्शनल भाषेतलं शुद्ध फंक्शन एकच काम करतं: दिलेल्या मूल्यावरून उत्तर काढतं. तेच मूल्य पुन्हा दिलं की तेच उत्तर. ते पडद्यावर लिहीत नाही, कीबोर्ड वाचत नाही, घड्याळ बघत नाही. बाहेरच्या जगाला हात न लावणारा प्रोग्राम फक्त संगणक तापवतो, असं हास्केलच्या जनकांपैकी सायमन पेटन जोन्स गमतीने सांगत आले आहेत. आणि ऑपरेटिंग सिस्टीमला तर जगाला हात लावण्याखेरीज दुसरं कामच नाही.

यावर हास्केलने काढलेली तोड पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावताना घाम फुटतो. ‘मॉनड’ हा शब्द काढला की ऐकणारा उठून जातो. अथालकराला ती जन्मतः ठाऊक असते. आपल्या शेजारी गुजरात आहे, तिथे १९६० पासून दारूबंदी. आपल्याकडे दुकानं उघडी. भिलाडचा माणूस रिकाम्या हाताने नरोलीत कधीही येऊ शकतो, कुणी विचारत नाही. परत जाताना मात्र गाडी तपासली जाते. हास्केलचा कायदा तंतोतंत हाच आहे. जगाला हात लावणाऱ्या फंक्शनच्या प्रकारावर ‘आयओ’ असा शिक्का असतो. आयओवाल्या फंक्शनने शुद्ध फंक्शनला खुशाल बोलवावं. शुद्ध फंक्शनने आयओला बोलावलं की कंपाइलर नाक्यावरच गाडी बाजूला घ्यायला लावतो. आयओमधून मिळालेली बाटली आयओमध्येच संपवायची.

आता तुम्ही विचाराल की सीटखाली लपवून नेली तर? तीही सोय आहे. ‘अनसेफ-परफॉर्म-आयओ’ नावाचं फंक्शन आयओचा शिक्का खरवडून काढतं. म्हणजे सरकारनेच गाडीला चोरकप्पा बसवून दिला आणि वर ‘धोका’ अशी पाटी लावली. नवशिक्यांनी तो उघडू नये. उघडतातच.

या पायरीचा गृहपाठ: तुमच्या नियोजित ऑपरेटिंग सिस्टीममधली कामं वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर हद्दीची कुठली बाजू ते मांडा. पहिल्या प्रयत्नात सगळीच कामं दारूच्या बाजूला येतील. ते साहजिक आहे. वही ठेवून द्या, पुढे लागेल.

पायरी ३: मशीन सुरू करा

जुन्या पद्धतीचा संगणक चालू झाला की बायोस डिस्कच्या पहिल्या सेक्टरचे ५१२ बाइट उचलतो आणि मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर नेऊन ठेवतो. शेवटचे दोन बाइट ८५ आणि १७० असतील तरच तो त्यांना बूट करण्याजोगं मानतो. नंतर तो बाजूला होतो. इथून पुढे तुमचं राज्य. मदतीला कुणीही नाही.

प्रोसेसर या क्षणी आपण १९७८ चे ८०८६ आहोत अशा समजुतीत असतो. त्याला एक एमबीपलीकडचं दिसत नाही. पलीकडचं नीट दिसायला ‘ए-२०’ नावाची तार उघडावी लागते, आणि आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटीमध्ये तिची किल्ली कीबोर्डच्या कंट्रोलरकडे दिली होती. होय, मेमरीसाठी कीबोर्डकडे अर्ज. सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

हे सगळं ५१२ बाइटांत लिहायला हास्केल कामाची नाही, असेंब्ली लिहावी लागते. या छोट्या प्रोग्रामचं, म्हणजे बूटलोडरचं, आयुष्य तेवढंच असतं: दुसऱ्याच्या हाती सूत्रं देणं आणि नाहीसं होणं. दादरा-नगर हवेलीला हा प्रकार नवा नाही. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं, त्यानंतर सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. ऑगस्ट १९६१ मध्ये भारतात विलीन व्हायचं तर करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करायला कुणीतरी पंतप्रधान हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं गेलं. सही झाली, पद संपलं. बूटलोडर लिहिताना इतकाच नेमकेपणा ठेवा.

हे जमत नसेल तर ग्रब हा तयार बूटलोडर वापरा. ग्रब तुमच्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, सुरुवातीला ४६,४३,६७,६१८ हा आकडा शोधतो आणि सापडला तर बाकीची कटकट स्वतः करतो. प्रोग्रामर हा आकडा षोडशमान पद्धतीत लिहितात, तेव्हा तो ‘वन बॅड बूट’ असा काहीसा वाचता येतो. पुढच्या पायऱ्यांसाठी शुभेच्छा समजा.

पायरी ४: तळघरातलं सत्य

आता हास्केलला बोलवायची वेळ. ती येते आणि विचारते: मेमरी कोण देणार? थ्रेड कोण बदलणार? घड्याळ कुठे आहे? फंक्शनल भाषेला सोबत रनटाइम लागतो, कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर लागतो, आणि ही मंडळी आजवर ऑपरेटिंग सिस्टीमच्या जिवावर जगत आली आहेत. तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीम बांधताय आणि तुमच्या भाषेला आधी ऑपरेटिंग सिस्टीम हवी आहे. ही अडचण लक्षात आली की निम्मे नवशिके इथूनच परत क्रिकेटकडे वळतात.

उरलेल्यांसाठी तीन वाटा. पहिली: रनटाइम उघड्या यंत्रावर उतरवायचा. जीएचसी या हास्केल कंपाइलरचा रनटाइम मुख्यतः सीमध्ये आहे. २००४ च्या ‘एचओपी’ प्रकल्पाने तो यंत्रावर उतरवला आणि हाऊस त्याच्यावर उभं राहिलं. म्हणजे फंक्शनल ऑपरेटिंग सिस्टीमच्या तळघरात सी राहते. पाहुण्यांना तळघर दाखवायची गरज नाही.

दुसरी वाट: ओकॅमलचा ‘मिराज’. २०१३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम अशी वेगळी वस्तूच नसते. नेटवर्क, फाइली, एन्क्रिप्शन ही सगळी ओकॅमलची ग्रंथालयं. तुमच्या प्रोग्रामला लागतील तेवढीच त्याच्याबरोबर बांधायची आणि झेनसारख्या, खोटी यंत्रं चालवणाऱ्या हायपरवायझरवर सोडायचं. खऱ्या यंत्रांचे शेकडो ड्रायव्हर लिहिणं टळतं. २०१५ मध्ये मिराजच्या मंडळींनी अशा एका छोट्या सर्व्हरमध्ये १० बिटकॉइनची किल्ली ठेवून जगाला जाहीर आव्हान दिलं: फोडा आणि घ्या. तीन वर्षांनी खेळ थांबला तेव्हा किल्ली जागेवर होती. पण मिराजवाले हौस सोडून कामाला लागले आहेत, त्यामुळे या मार्गदर्शिकेच्या दृष्टीने ते वाया गेले.

तिसरी वाट: स्वतः छोटा लिस्प इंटरप्रिटर लिहायचा. नवशिक्याला झेपणारी हीच. सांगूनही कुणी ती घेत नाही.

पायरी ५: पडद्यावर अक्षर काढा

टेक्स्ट मोडमध्ये पडद्याचा पत्ता ७,५३,६६४. आडव्या ८० आणि उभ्या २५ जागा, प्रत्येक अक्षराला दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. एकूण ४,००० बाइट. तिथे आकडा लिहिला की अक्षर दिसतं. काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पहिलं अक्षर उगवलं की घरच्यांना बोलवा. ते येतील, बघतील आणि परत जातील.

‘नमस्कार’ लिहायचा मोह आवरा. या मोडमध्ये साधारण २५६ ठरलेल्या आकृत्या आहेत आणि त्यांत देवनागरी नाही. ‘स्का’चं जोडाक्षर तर लांबच. पुण्याच्या सी-डॅकने हाच प्रश्न डॉसच्या काळात जिस्ट कार्ड काढून सोडवला होता. संगणकात वेगळं कार्ड खोचायचं, मग पडद्यावर भारतीय लिप्या. एका नमस्कारासाठी किती हार्डवेअर लागत होतं, याचा अंदाज घ्या आणि इंग्रजीत ‘हॅलो’ लिहून मोकळे व्हा.

पायरी ६: कीबोर्ड आणि इतर आगंतुक

कळ दाबली की प्रोसेसरला इंटरप्ट येतो. तो हातातलं काम टाकून तुमच्या कोडकडे धावतो. इथे एक जुना गोंधळ आहे. इंटरप्ट वाटणारी चिप सुरुवातीला टाइमरला आठवा क्रमांक देते, आणि प्रोसेसरच्या लेखी आठ म्हणजे ‘डबल फॉल्ट’ ही गंभीर चूक. चिपला नवे क्रमांक द्यायला विसरलात तर घड्याळाचा पहिलाच ठोका आपत्ती म्हणून नोंदवला जातो. तिसऱ्या चुकीला प्रोसेसर संवाद थांबवतो आणि मशीन मुकाट्याने रीस्टार्ट होतं. वहीत लिहा: पडदा काळा.

इंटरप्ट आल्यावर हास्केलमधलं काहीही सुरू करू नका. नेमका तेव्हा गार्बेज कलेक्टर मेमरी आवरत असू शकतो. तळघरातल्या सीने कळीचा क्रमांक उचलून रांगेत ठेवावा आणि निघून जावं. हास्केल सवडीने रांग बघेल.

पायरी ७: आळसावर ताबा

हास्केल आळशी आहे. कुणी उत्तर मागेपर्यंत ती हिशेब करत नाही, ‘नंतर करू’ अशी चिठ्ठी ठेवते. हा गुण एरवी फार मोठा. पण टाइमर सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला तुम्ही ‘एक मिळवा’ म्हणता. हास्केल मिळवत नाही, चिठ्ठी ठेवते. दिवसाला सुमारे १५ लाख ७३ हजार चिठ्ठ्या. संध्याकाळी कुणी वेळ विचारली की सगळ्या एकदम सोडवायला घेते आणि मेमरी संपते. म्हणून मोजणीच्या जागी उद्गारचिन्ह टाकून तिथल्या तिथे हिशेब करायला लावा. भाषेत त्याची सोय आहे.

पायरी ८: वही पुन्हा काढा

आता पायरी २ चा गृहपाठ पुन्हा करा. पुढचा थ्रेड कोणता चालवायचा? रांग दिली की नाव सांगता येतं, त्याला हार्डवेअर लागत नाही. नेटवर्कवरून आलेल्या बाइटांचा अर्थ? बाइट दिले की अर्थ निघतो. फाइलच्या नावावरून तिची जागा, मेमरीच्या पानांचा नकाशा, कळीच्या क्रमांकावरून अक्षर: सगळं शुद्ध. हद्दीपलीकडे उरते ती पातळ पट्टी: अमुक पत्त्यावर अमुक बाइट लिही, अमुक पोर्ट वाच. हाऊसवाल्यांनी तर या पट्टीसाठी ‘एच’ नावाचा वेगळा मॉनडच केला. शुद्ध भाग बूट न करता, जेवता जेवता तपासता येतो. बंद पडलं तर कुठे बघायचं तेही कळतं.

एसईएलफोर या कर्नलच्या लोकांनी याच गुणाचा उपयोग केला. त्यांनी कर्नल आधी हास्केलमध्ये मांडला, त्यावरून सुमारे ८,७०० ओळींचा सी कोड हाताने लिहिला आणि तो कोड आराखड्याबरहुकूम वागतो याची गणिती सिद्धता २००९ मध्ये दिली. सिद्धतेला दोन लाखांच्या आसपास ओळी लागल्या. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही.

शंका-समाधान

फाइल सिस्टीम कधी करायची? पुढच्या वर्षी. दर वर्षी.

नाव काय ठेवू? हे काम पहिल्याच दिवशी झालेलं असतं. बहुतेक प्रकल्पांत तेवढंच पूर्ण होतं.

मित्राला वापरायला देऊ का? मित्र हवा असेल तर नको.

नोकरीत उपयोग होईल? ऑपरेटिंग सिस्टीमचा होणार नाही. पण आपल्या प्रोग्रामची कुठली ओळ जगाला हात लावते आणि कुठली नुसता हिशेब करते, हे जो बोट ठेवून दाखवू शकतो त्याची कुठल्याही भाषेत चूक लवकर सापडते. फंक्शनल भाषा घाण नाहीशी करत नाही. ती कुठे आहे ते लिहून ठेवायला लावते, एवढ्यासाठीच हा उपद्व्याप करावा. बाकी कर्नल चालला नाही तरी सकाळची पाळी चुकवू नका.